जिराची स्क्रिप्ट चालते पण फील्ड बदलत नाही: व्हॅल्यू नेमकी कुठे अडकली ते कसं शोधायचं

जिरा म्हणजे कामाची तिकिटं सांभाळणारं अ‍ॅटलासियन कंपनीचं सॉफ्टवेअर. त्यातल्या तिकिटांची फील्ड अपडेट करणारी स्क्रिप्ट बिघडली की मेसेज साधारण सारखाच येतो: "स्क्रिप्ट रन झाली, एरर काही नाही, पण फील्ड बदललंच नाही." मग कोणीतरी कोड उघडतं आणि अंदाजाने इकडचं तिकडे करायला लागतं, फील्डचं नाव बदलून बघ, कोट काढून बघ, परत रन कर, आणि तासाभराने मूळ प्रॉब्लेम तिथेच असतो, वर दोन नवीन तयार झालेले असतात. कोडला हात लावायच्या आधी एवढंच ठरवायचं की व्हॅल्यू कुठपर्यंत पोचली. स्क्रिप्टमधून बाहेर पडलीच नाही, की जिराने घेतली नाही, की घेतली पण सेव्ह केली नाही, की सेव्ह झाली पण दिसत नाहीये, की नीट सेव्ह झाली आणि नंतर दुसऱ्याच कोणीतरी बदलली. बाहेरून हे सगळे प्रकार एकसारखेच दिसतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा.

खालचं बहुतेक सगळं जिरा क्लाउड (कंपनी स्वतः चालवते ती आवृत्ती) आणि त्याच्या रेस्ट एपीआयबद्दल (स्क्रिप्टने जिराशी बोलायचा मार्ग) आहे. सर्व्हर व्हर्जनचा सपोर्ट अ‍ॅटलासियनने १५ फेब्रुवारी २०२४ ला बंद केला, डेटा सेंटरवाले (जिरा स्वतःच्या सर्व्हरवर चालवणारे) मात्र अजून बरेच आहेत, त्यांच्यासाठी स्क्रिप्टरनरचा (जिराच्या आतच स्क्रिप्ट चालवणाऱ्या अ‍ॅपचा) वेगळा भाग पुढे आहे. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच डॉक्युमेंटेशनमधलं स्पेलिंग घ्या.

आधी तिकिटाची हिस्टरी उघडा

कोड नाही, लॉग नाही, आधी तिकीट. खाली अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये हिस्टरी टॅब आहे, तो उघडा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

हिस्टरीत तुमच्या स्क्रिप्टच्या युजरच्या नावाने काहीच एंट्री नाही, म्हणजे व्हॅल्यू जिरापर्यंत गेली नाही किंवा जिराने नाकारली. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, नवीन व्हॅल्यू आणि जुनी व्हॅल्यू सारखीच असेल तर जिरा हिस्टरीत काही लिहीत नाही, त्यामुळे टेस्ट करताना दर वेळी वेगळी व्हॅल्यू पाठवा नाहीतर उगाच फसाल.

एंट्री आहे पण फील्डमध्ये जुनंच दिसतंय, तर त्याच फील्डची त्याच्या लगेच नंतर दुसरी एंट्री आहे का बघा. बऱ्याच वेळा दिसतं ते असं: सव्वाअकरा वाजता इंटिग्रेशन युजरने (म्हणजे स्क्रिप्टच्या युजरने) रीजन या फील्डमध्ये "पुणे" भरलं आणि दोन सेकंदांनी "ऑटोमेशन फॉर जिरा" ने ते परत रिकामं केलं. अशा वेळी तुमच्या स्क्रिप्टमध्ये काहीच चूक नाही, कोणीतरी कधीतरी बनवलेला ऑटोमेशन रूल (काही घडलं की आपोआप चालणारा जिरातला नियम) तुमच्या विरुद्ध काम करतोय, आणि तुम्ही कोड कितीही सुधारला तरी तो रूल दोन सेकंदांनी येणारच.

एंट्री आहे, व्हॅल्यूही बरोबर आहे, पण स्क्रीनवर दिसत नाही किंवा फिल्टरमध्ये येत नाही, तर एकतर फील्ड त्या व्ह्यूवर नाही किंवा त्याच नावाचं दुसरंच फील्ड तुम्ही भरलंय. हे दुसरं वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळा होतं.

हिस्टरीला एवढं महत्त्व देतोय कारण स्क्रिप्टचा लॉग तुम्ही लिहिलेला असतो, हिस्टरी जिराने लिहिलेली असते. भांडण असेल तर जिराचं ऐका.

एक तिकीट, एक फील्ड, एक रिक्वेस्ट

आता स्क्रिप्टमधलं सगळं बाजूला ठेवून एकाच तिकिटावर एकच फील्ड अपडेट करणारी सगळ्यात छोटी रिक्वेस्ट बनवा, पोस्टमनमधून किंवा कर्लने (दोन्ही हाताने रिक्वेस्ट पाठवायची टूल्स), कशानेही. लूप नको, सीएसव्ही नको, कंडिशन नको. पुट मेथड (बदल करणारी रिक्वेस्ट), इश्यूचा एंडपॉइंट (एपीआयमध्ये तिकिटाला इश्यू म्हणतात, एंडपॉइंट म्हणजे त्याचा पत्ता), बॉडीमध्ये "फील्ड्स" आणि त्यात एकच फील्ड. युजर मात्र तोच वापरायचा जो स्क्रिप्ट वापरते, तुमचं स्वतःचं अ‍ॅडमिन लॉगिन नाही. "माझ्याकडे तर चालतंय" हे वाक्य बहुतेक वेळा याच फरकामुळे येतं, तुम्ही अ‍ॅडमिन असता आणि स्क्रिप्टसाठी बनवलेल्या बिचाऱ्या सर्व्हिस अकाउंटला त्या प्रोजेक्टमध्ये एडिट परमिशनच नसते.

ही रिक्वेस्ट चालली तर दोष स्क्रिप्टच्या लॉजिकमध्ये आहे, फील्डमध्ये नाही. नाही चालली तर स्क्रिप्ट विसरा आणि रिस्पॉन्स वाचा.

रिस्पॉन्स कोड काय सांगतो

अपडेट यशस्वी झालं की रिस्पॉन्स कोड (सर्व्हरच्या उत्तराचा आकडा) साधारणपणे २०४ येतो आणि बॉडी रिकामी असते. रिकामी बॉडी बघून लोक घाबरतात, घाबरू नका, तसंच असतं. पण काही स्क्रिप्टमध्ये २०० आला तरच यश असं चेक केलेलं असतं, मग व्हॅल्यू बदलते आणि लॉगमध्ये फेल दिसतं, हेही होतं.

उलटा प्रकार जास्त त्रासदायक. पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी ४०० किंवा ४०३ असा एररचा कोड आला तरी स्वतःहून एक्सेप्शन टाकत नाही, त्यासाठी रेझ फॉर स्टेटस वेगळं कॉल करावं लागतं. कर्लचंही तेच, फेल ऑप्शन दिला नाही तर सर्व्हरने एरर दिला तरी कर्ल शून्य एक्झिट कोड घेऊन बाहेर पडतो आणि जेनकिन्सचा (कामं आपोआप चालवणारं टूल) जॉब हिरवागार, म्हणजे यशस्वी दिसतो. "एरर काही नाही" असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा हेच विचारतो की रिस्पॉन्सची बॉडी कुठे प्रिंट केलीये का. बहुतेक वेळा नसते. जिरा एररमध्ये फील्डच्या आयडीसकट कारण देतो, ते वाचायचंच नाही म्हटल्यावर काय करणार.

४०१ म्हणजे लॉगिनचा प्रॉब्लेम. क्लाउडवर पासवर्ड चालत नाही, ईमेल आणि एपीआय टोकन लागतं, आणि डिसेंबर २०२४ पासून बनवलेल्या नव्या टोकनला जास्तीत जास्त एक वर्षाची मुदत असते, त्यामुळे वर्षभर सुखाने चाललेली स्क्रिप्ट एका सकाळी अचानक बंद पडली तर आधी टोकनची तारीख बघा.

४०४ जरा फसवा आहे. मेसेज असतो "इश्यू डझ नॉट एक्झिस्ट ऑर यू डू नॉट हॅव परमिशन टू सी इट", म्हणजे तिकीट नाहीये किंवा तुम्हाला ते बघायची परवानगी नाहीये, दोन्हीला एकच मेसेज. शिवाय टोकन चुकीचं असेल तर काही एंडपॉइंट तुम्हाला ४०१ न देता निनावी पाहुणा समजतात आणि मग तिकीट "नाहीये" असं सांगतात, सर्च केलं तर रिकामी यादी देतात. म्हणून शंका आली की आधी मायसेल्फ एंडपॉइंटला एक गेट (फक्त वाचणारी रिक्वेस्ट) मारून बघा, तो तुमचं नाव सांगतो का. नाव आलं तर लॉगिन ठीक, प्रश्न परमिशनचा किंवा इश्यू सिक्युरिटी लेव्हलचा (तिकीट कोणाला दिसावं याची सेटिंग).

डेटा सेंटरवर अजून एक, चुकीचा पासवर्ड बऱ्याच वेळा गेला की जिरा त्या युजरला कॅप्चा लावतो आणि मग बरोबर पासवर्ड दिला तरी ४०३ येतो. स्क्रिप्ट काही कॅप्चा सोडवणार नाही. त्या युजरने एकदा ब्राउझरमधून लॉगिन करायचं, किंवा अ‍ॅडमिनला युजर मॅनेजमेंटमधून फेल्ड लॉगिन काउंट रिसेट करायला सांगायचं.

४१५ आला तर तुम्ही जेसन (एपीआयला लागणारा डेटाचा फॉरमॅट) पाठवतच नाही आहात. पायथनमध्ये "जेसन" ऐवजी "डेटा" पॅरामीटरमध्ये डिक्शनरी दिली की ती फॉर्मसारखी जाते, त्याचा हा परिणाम.

४०० सगळ्यात चांगला, कारण तो काहीतरी ठोस सांगतो. त्याचे दोन मोठे प्रकार आहेत.

"इट इज नॉट ऑन द अ‍ॅप्रोप्रिएट स्क्रीन, ऑर अननोन"

जिरात स्क्रिप्ट लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा मेसेज बघितलेला असतो. पूर्ण मेसेज असतो की कस्टमफील्ड अमुक अमुक सेट करता येत नाही, ते योग्य स्क्रीनवर नाही किंवा अनोळखी आहे. यात चार-पाच वेगळी कारणं एकाच वाक्यात कोंबलेली आहेत, ती सुटी करायला एडिटमेटा वापरा. इश्यूच्या एंडपॉइंटपुढे एडिटमेटा लावून गेट केलं की त्या तिकिटावर, त्या युजरला, या घडीला कोणती फील्ड एडिट करता येतात त्याची यादी मिळते, सोबत प्रत्येकाचा टाइप, चालणारे ऑप्शन आणि कोणती ऑपरेशन चालतात तेही. खरं सांगायचं तर एवढी एक सवय लागली तर अर्धे प्रश्न कोणाला विचारावेच लागणार नाहीत.

यादीत तुमचं फील्ड नाही पण बाकीची आहेत, तर तीन गोष्टी क्रमाने बघा. पहिलं, ते फील्ड त्या प्रोजेक्टच्या त्या इश्यू टाइपच्या एडिट स्क्रीनवर आहे का. क्रिएट स्क्रीनवर आहे म्हणजे एडिट स्क्रीनवर असेलच असं नाही, स्क्रीन स्कीममध्ये दोन्ही वेगळ्या असू शकतात, आणि म्हणूनच तिकीट बनवताना फील्ड भरता येतं पण स्क्रिप्टने नंतर बदलता येत नाही असा विचित्र प्रकार होतो. दुसरं, फील्डचा कॉन्टेक्स्ट, म्हणजे ते फील्ड कोणत्या प्रोजेक्टला आणि इश्यू टाइपला लागू आहे. बगला लागू आहे आणि स्टोरीला नाही असं असू शकतं. तिसरं, फील्ड कॉन्फिगरेशनमध्ये ते लपवलेलं तर नाही.

यादी पूर्ण रिकामी आली तर फील्डचा काही दोष नाही. एकतर युजरला एडिट परमिशन नाही, किंवा तिकीट अशा स्टेटसमध्ये आहे जिथे वर्कफ्लोवर (तिकिटाच्या स्टेटसचा ठरलेला मार्ग) "जिरा डॉट इश्यू डॉट एडिटेबल" ही प्रॉपर्टी फॉल्स केलेली आहे. क्लोज्ड स्टेटसवर हे खूप ठिकाणी लावलेलं असतं आणि लावणारा माणूस कधीच कंपनी सोडून गेलेला असतो. लक्षण ओळखायला सोपं, उघडी तिकिटं अपडेट होतात आणि बंद झालेली होत नाहीत.

मग स्क्रीनला बगल देता येते का? एपीआयमध्ये ओव्हरराइड स्क्रीन सिक्युरिटी नावाचा पॅरामीटर आहे पण तो साध्या टोकनवाल्या स्क्रिप्टसाठी नाही, अ‍ॅडमिन परवानगी असलेल्या कनेक्ट किंवा फोर्जवर (अ‍ॅटलासियनचे अ‍ॅप बनवायचे प्लॅटफॉर्म) बनवलेल्या अ‍ॅपसाठी आहे. त्यात वेळ घालवू नका, अ‍ॅडमिनला सांगून फील्ड एडिट स्क्रीनवर टाकून घ्या.

आणि तो "अननोन" भाग. कस्टम फील्डला एपीआयमध्ये नाव चालत नाही, आयडी लागतो, कस्टमफील्ड_१००४२ असा. हा आयडी प्रत्येक साइटवर वेगळा. टेस्ट साइटवर नीट चाललेली स्क्रिप्ट प्रॉडक्शनवर नेली आणि आयडी तोच ठेवला तर नशीब चांगलं असेल तर अननोन येईल, नशीब वाईट असेल तर तो आयडी तिकडे दुसऱ्याच फील्डचा निघेल आणि तुम्ही भलतंच काहीतरी भरून बसाल. फील्ड एंडपॉइंटवरून सगळ्या फील्डची यादी घ्या आणि तुमचं नाव किती वेळा येतं ते मोजा. टीम मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये (ज्याची सेटिंग टीमच ठरवते) प्रत्येक टीम आपापली फील्ड बनवते, त्यामुळे "रीजन" नावाची चार फील्ड सहज सापडतात. नावावरून आयडी शोधणारी स्क्रिप्ट असेल तर एकापेक्षा जास्त सापडल्यावर तिने तिथेच थांबून ओरडलं पाहिजे, पहिलं सापडलेलं उचलायचं नाही.

व्हॅल्यू बरोबर पण रूप चुकीचं

४०० चा दुसरा प्रकार. तुम्हाला स्क्रीनवर दिसतं ते आणि एपीआयला हवं असतं ते यात फरक आहे.

नंबर फील्डला आकडा द्यायचा, कोटमध्ये दिला की "ऑपरेशन व्हॅल्यू मस्ट बी अ नंबर". सीएसव्हीतून वाचलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते, तिथेच हे घडतं. ड्रॉपडाउनला नुसतं "पुणे" चालत नाही, "व्हॅल्यू" की मध्ये ठेवून ऑब्जेक्ट द्यावा लागतो किंवा ऑप्शनचा आयडी. मल्टिसिलेक्ट असेल तर त्याच ऑब्जेक्टचा अ‍ॅरे, एकच निवड असली तरी अ‍ॅरेच. कॅस्केडिंगला (एकात एक अशा दोन पातळ्यांच्या ड्रॉपडाउनला) "व्हॅल्यू" मध्ये महाराष्ट्र आणि आत "चाइल्ड", त्यात परत "व्हॅल्यू" मध्ये पुणे. फील्ड रिकामं करायचं असेल तर नल (म्हणजे 'काहीच नाही' ही व्हॅल्यू) द्या, रिकामी स्ट्रिंग ड्रॉपडाउनला चालत नाही.

ऑप्शन दिसतोय तरी "ऑप्शन इज नॉट व्हॅलिड" येत असेल तर एडिटमेटामधून तो ऑप्शन कॉपी करून अक्षरन् अक्षर ताडून बघा. "पुणे" च्या मागे एक स्पेस असतो, किंवा तो ऑप्शन दुसऱ्या कॉन्टेक्स्टमधला असतो, म्हणजे सपोर्ट प्रोजेक्टला पुणे आहे आणि सेल्सच्या प्रोजेक्टला नाही.

युजर फील्डला क्लाउडवर युजरनेम किंवा ईमेल चालत नाही, अकाउंट आयडी लागतो. सर्व्हरवरून क्लाउडवर आलेल्या टीमच्या जुन्या स्क्रिप्ट हमखास इथे अडकतात. आणि अकाउंट आयडी बरोबर असूनही असाइनी सेट होत नसेल तर त्या माणसाकडे त्या प्रोजेक्टमध्ये असाइनेबल युजर ही परमिशन आहे का ते बघा.

डिस्क्रिप्शन आणि पॅराग्राफ टाइपची फील्ड. एपीआयच्या व्हर्जन ३ मध्ये यांना साधी स्ट्रिंग चालत नाही, अ‍ॅटलासियन डॉक्युमेंट फॉरमॅट लागतो, म्हणजे डॉक्युमेंटच्या आत पॅराग्राफ, त्याच्या आत टेक्स्ट असं तीन पदरी जेसन. साधं दोन ओळींचं टेक्स्ट टाकायचं असेल तर माझं मत विचाराल तर व्हर्जन २ चा एंडपॉइंट वापरा, तो साधी स्ट्रिंग घेतो आणि अजून चालतो. फॉरमॅटिंग, टेबल, मेन्शन वगैरे हवं असेल तरच व्हर्जन ३ च्या नादी लागा.

तारखा. डेट फील्डला वर्ष-महिना-दिवस, २०२५-०३-०७ असं. डेट टाइमला २०२५-०३-०७टी१०:३०:००.०००+०५३० असं, मिलिसेकंदासकट आणि ऑफसेटमध्ये कोलन न टाकता, डॉक्युमेंटेशनच्या नमुन्यात जसं आहे तसंच ठेवा. पायथनचं आयसोफॉरमॅट कोलन टाकून देतं, तेव्हा फॉरमॅट हाताने बांधलेला बरा.

आता आपल्याकडचा खास त्रास. आपण युटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) साडेपाच तास पुढे आहोत, आणि क्लाउडवरचे सर्व्हर, कंटेनर, बिल्ड एजंट बहुतेक युटीसीवर असतात. रात्री साडेबाराला चालणारा जॉब "आजची तारीख" म्हणून जे उचलतो ती कालची तारीख असते कारण तिकडे अजून आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. दिवसा टेस्ट केलं तर सगळं बरोबर दिसतं, कारण पहाटे साडेपाचनंतर दोन्हीकडे तारीख एकच असते. ड्यू डेट एक दिवसाने मागे पडतेय अशी तक्रार आली आणि ती फक्त रात्रीच्या रनची असेल तर दुसरं काही शोधू नका, तारीख काढताना एशिया/कोलकाता टाइमझोन स्पष्ट द्या.

स्टेटस या यादीत बसत नाही. ते फील्डसारखं दिसतं पण फील्डसारखं अपडेट होत नाही, त्यासाठी ट्रान्झिशन (एका स्टेटसवरून दुसऱ्यावर नेणारी पायरी) एंडपॉइंटला पोस्ट करावं लागतं, आणि ट्रान्झिशनचा आयडी सध्याच्या स्टेटसवर अवलंबून असतो म्हणून आधी उपलब्ध ट्रान्झिशन विचारून घ्यायची. रिझोल्यूशनही सहसा ट्रान्झिशनसोबतच सेट होतं, ट्रान्झिशनच्या स्क्रीनवर ते फील्ड असलं तर.

व्हॅल्यू गेली पण बाकीचं पुसलं

लेबल्स, कंपोनंट्स, फिक्स व्हर्जन, कोणतंही मल्टिसिलेक्ट. "फील्ड्स" मध्ये लेबल्सला एक लेबल दिलं की जिरा आधीची सगळी काढून ते एकच ठेवतो. लग्नाच्या यादीत एक नाव वाढवायला सांगावं आणि कोणी यादीच फाडून त्या एका नावाची नवीन लिहावी तसं. जोडायचं असेल तर "अपडेट" वापरायचं आणि त्यात "अ‍ॅड" ऑपरेशन, काढायचं असेल तर "रिमूव्ह". एकच फील्ड एकाच रिक्वेस्टमध्ये "फील्ड्स" आणि "अपडेट" दोन्हीकडे टाकू नका, एरर येतो. आणि लेबलमध्ये स्पेस चालत नाही.

काही स्क्रिप्ट आधी वाचतात, यादीत जोडतात आणि पूर्ण यादी परत लिहितात. एकटीच चालत असेल तर ठीक, पण दोन जॉब एकाच तिकिटावर एकाच वेळी आले तर नंतर लिहिणारा पहिल्याचं पुसतो आणि दोघांनाही २०४ मिळतो. "कधी कधी लेबल गायब होतं" ही तक्रार आली की हाच संशय घ्या.

एकावर चालतं, पाचशेवर निम्मीच होतात

हा सगळ्यात मजेशीर प्रकार. स्क्रिप्ट जेक्यूएल (तिकिटं शोधायची जिराची भाषा) चालवते, समजा रीजन रिकामं असलेली सगळी तिकिटं, पन्नास-पन्नासच्या पानांनी, आणि प्रत्येकात रीजन भरते. पहिलं पान झालं, ती पन्नास तिकिटं आता त्या क्वेरीत बसतच नाहीत, यादी पन्नासने वर सरकली, आणि स्क्रिप्ट मात्र पन्नासाव्यापासून पुढचं पान मागते, म्हणजे मधली पन्नास सुटली. असं करत शेवटी साधारण निम्मी राहतात. परत रन केलं की उरलेल्यातली निम्मी होतात, आणि मग लोक "दोन-तीनदा रन करायचं, होतं" असं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहून ठेवतात! इलाज सोपा, आधी सगळ्या तिकिटांच्या की (म्हणजे तिकीट नंबर) गोळा करून यादी बनवा, मग अपडेट सुरू करा. शोधणं आणि बदलणं एकाच लूपमध्ये नको.

असा पान नंबराने चालणारा जुना सर्च एंडपॉइंट (डेटा सेंटरवर तो आहे) अ‍ॅटलासियनने क्लाउडवरून काढलाय, ४१० आला तर तेच कारण. नवीन एंडपॉइंटच्या पत्त्यात शेवटी जेक्यूएल आहे, त्यात पान नंबराने नाही तर नेक्स्ट पेज टोकनने पुढे जायचं, एकूण किती ते सांगत नाही, आणि कोणती फील्ड हवीत हे तुम्ही सांगितलं नाही तर फक्त आयडी देतो. हे शेवटचं लक्षात न आल्यामुळे जुनी व्हॅल्यू वाचून त्यावर निर्णय घेणाऱ्या स्क्रिप्टला सगळीकडे नल मिळतो आणि तिला वाटतं की सगळीच तिकिटं रिकामी आहेत. पुढे काय होईल ते सांगायला नकोच. शिवाय अपडेट केल्या केल्या लगेच सर्च केलं तर नवीन व्हॅल्यू दिसायला थोडा वेळ लागू शकतो, खात्री करायची तर सर्चने नको, त्या तिकिटाला थेट गेट करा.

जेक्यूएलचा अजून एक सापळा: रीजन "पुणे" नसलेली तिकिटं मागितली (रीजन != "पुणे") की रीजन रिकामं असलेली तिकिटं त्यात येत नाहीत. ती हवी असतील तर "ऑर रीजन इज एम्प्टी" वेगळं लिहावं लागतं.

आणि ४२९. म्हणजे तुम्ही फार घाई करताय. रिट्राय आफ्टर हेडरमध्ये किती सेकंद थांबायचं ते असतं, तेवढं थांबा आणि तेच तिकीट परत करा. बऱ्याच स्क्रिप्ट एरर आला की लॉग करून पुढच्या तिकिटावर जातात, त्यामुळे मधलीच वीस-पंचवीस तिकिटं सुटतात आणि त्यात काही पॅटर्न सापडत नाही. समांतर थ्रेड लावून वेग वाढवायचा मोह इथे आवरा.

डेटा सेंटर आणि स्क्रिप्टरनर

इथे ग्रूव्ही (जावावर चालणारी भाषा) आहे आणि रिस्पॉन्स कोड नाही, त्यामुळे स्क्रिप्ट गप्प बसण्याचं प्रमाण जास्त.

पहिला गप्प प्रकार, सेट कस्टम फील्ड व्हॅल्यू कॉल केलं आणि पुढे काही नाही. हे फक्त मेमरीतल्या इश्यू ऑब्जेक्टवर लिहितं, डेटाबेसमध्ये जायला इश्यू मॅनेजरचं अपडेट इश्यू लागतं. मग लोक म्हणतात, अमक्या स्क्रिप्टमध्ये तर अपडेट इश्यू नाही तरी चालतं. ती पोस्ट फंक्शन असते, म्हणजे ट्रान्झिशनसोबत आपोआप चालणारी पायरी. पोस्ट फंक्शनमध्ये जिरा स्वतः पुढे इश्यू स्टोअर करतो, पण तुमची स्क्रिप्ट त्या "अपडेट चेंज हिस्टरी... अँड स्टोअर द इश्यू" वाल्या पायरीच्या आधी असेल तरच. नंतर असेल तर व्हॅल्यू हवेत जाते. क्रिएट ट्रान्झिशनवर "क्रिएट्स द इश्यू ओरिजिनली" च्या आधी ठेवायची. वर्कफ्लो एडिटरमध्ये बाणाने वर-खाली करता येतं, कोडला हात न लावता प्रश्न सुटतो.

दुसरा, कस्टम फील्डचं अपडेट व्हॅल्यू वापरलं. डेटाबेसमध्ये जातं, तिकिटावर दिसतं, पण हिस्टरीत नोंद नाही, इव्हेंट नाही, इंडेक्स (शोधासाठी जिरा ठेवतो ती सूची) नाही, म्हणून फिल्टर आणि बोर्डवर जुनंच. त्या एका इश्यूला रीइंडेक्स करा, किंवा खरं म्हणजे अपडेट इश्यूकडे वळा. वर हिस्टरीवर भरवसा ठेवा म्हटलं त्याला हा एक अपवाद.

टाइप इथे जावाचे लागतात. नंबरला डबल, इंटिजर नाही. डेटला टाइमस्टॅम्प. ड्रॉपडाउनला ऑप्शन ऑब्जेक्ट, तोही त्या इश्यूला लागू असलेल्या कॉन्फिगमधून काढलेला. युजरला अ‍ॅप्लिकेशन युजर. नावावरून फील्ड आणणारं फंक्शन आता कलेक्शन देतं, त्यातलं पहिलं आंधळेपणाने उचललं की वरचा चार रीजनवाला घोळ इथेही.

इश्यू अपडेटेड इव्हेंटवर लिसनर (इव्हेंट आला की चालणारा कोड) लावून त्यातच इश्यू अपडेट करत असाल तर तो अपडेट परत इव्हेंट पाठवतो आणि लिसनर परत जागा होतो. डू नॉट डिस्पॅच (इव्हेंट पाठवू नको असा पर्याय) द्या, आणि शिवाय सुरुवातीलाच "व्हॅल्यू आधीच तीच असेल तर बाहेर पड" अशी एक ओळ टाका. आणि लॉग दिसत नसेल तर लॉग डॉट इन्फो ऐवजी लॉग डॉट वॉर्न करून बघा, स्क्रिप्टरनरची डीफॉल्ट पातळी वॉर्न असते, त्याच्या खालचं छापलंच जात नाही.

ऑटोमेशन रूल

स्क्रिप्टच्या अपडेटमुळे रूल चालायला हवा आणि चालत नाही, तर रूलच्या ऑडिट लॉगमध्ये आधी बघा, तिथे "नो अ‍ॅक्शन्स परफॉर्म्ड" असेल तर रूल जागा झाला होता पण कंडिशनवर अडला. रूलमुळे दुसरा रूल चालायला हवा असेल तर दुसऱ्या रूलच्या सेटिंगमध्ये त्याची परवानगी देणारा टिकबॉक्स मुद्दाम चालू करावा लागतो. एकाच रूलमध्ये फील्ड बदलून लगेच पुढे तेच वाचत असाल तर जुनी व्हॅल्यू मिळते, मध्ये रीफेच इश्यू डेटा टाका.

मराठी डेटा आणि एक्सेल

तिकिटात प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर जिराला दोष देऊ नका, ते आधीच बिघडून आलेलं असतं, बहुतेक वेळा विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून कर्लला थेट मराठी टेक्स्ट दिल्यामुळे. बॉडी युटीएफ-८ फाइलमध्ये ठेवा आणि कर्लला फाइल द्या. एक्सेलमधून युटीएफ-८ सीएसव्ही काढली की सुरुवातीला एक न दिसणारं चिन्ह येतं, त्यामुळे पहिल्या कॉलमचं नाव "की" दिसतं पण स्क्रिप्टला सापडत नाही. पायथनमध्ये फाइल उघडताना एन्कोडिंग युटीएफ-८-सिग द्या, ते निघून जातं. ऱ्याचं "ऱ" एक अक्षर म्हणूनही टाइप होतं आणि र अधिक नुक्ता असंही, डोळ्याला सारखं, कॉम्प्युटरला वेगळं, म्हणून ऑप्शन ताडण्याआधी दोन्ही बाजू एनएफसी नॉर्मलाइझ करा (युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात आणा) आणि कडेचे स्पेस काढा.

दुरुस्त झाल्यावर सगळ्यांवर चालवण्याआधी

ड्राय रन ठेवा, म्हणजे काय बदलणार ते नुसतं छापायचं, तिकिटाची की, जुनी व्हॅल्यू, नवीन व्हॅल्यू. त्यातली चार-पाच तिकिटं हाताने उघडून बघा, एक उघडं, एक बंद झालेलं, एक दुसऱ्या इश्यू टाइपचं. खऱ्या रनला नोटिफाय युजर्स फॉल्स द्या नाहीतर पाचशे तिकिटांच्या वॉचर्सना (तिकिटावर लक्ष ठेवणाऱ्यांना) मेल जातील, पण त्यासाठी युजर जिरा अ‍ॅडमिन किंवा त्या प्रोजेक्टचा अ‍ॅडमिन लागतो.

जुन्या व्हॅल्यूंची फाइल जपून ठेवा, आणि ती ठेवताना एपीआयने दिलं तसंच कच्चं जेसन ठेवा, स्क्रीनवर दिसणारं नाव नाही. परत फिरवायची वेळ आली तर ऑप्शनचा आयडी आणि अकाउंट आयडी हाताशी लागतात, नुसत्या "पुणे" वरून ते कोणत्या फील्डच्या कोणत्या कॉन्टेक्स्टमधलं होतं हे परत शोधत बसावं लागतं.